फौजेत चार वर्षं काढली की पोरगं 'सुधारेल' का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख लपवून:

सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त सुभेदार लिहितात. 28 वर्षं पायदळात काढली, चुलते फौजेत, थोरला मुलगा आत्ता फौजेत. धाकटा 20 वर्षांचा, अग्निवीरची लेखी पास झालाय, आता ग्राउंड आणि मेडिकल बाकी. वडील स्वतः त्याची तयारी करून घेतात, पहाटे कॅनॉलच्या रस्त्यावर तो पळतो आणि हे स्टॉपवॉच घेऊन मोटरसायकलवर मागे असतात. दिवाळीत त्यानं आधी आईला आणि मग यांना सांगितलं की मी मुलगा नाही, मुलगी आहे, लहानपणापासून तसंच वाटतंय, आणि तरीपण मला वर्दी घालायचीच आहे. वडिलांनी काहीच उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र नेहमीसारखे स्टॉपवॉच घेऊन गेले, तेव्हापासून दोघं टायमिंग सोडून दुसरं काही बोलत नाहीत. त्यांचं विचारणं असं की फौजेत चार वर्षं काढली तर हे डोक्यातून जाईल का, गप्प राहून भरती होऊ द्यावं का, आणि त्यांचा भाचा अमेरिकेतल्या बातम्यांचे व्हिडिओ पाठवून म्हणतो की तिकडच्या फौजेनं अशा लोकांना काढून टाकलं ते बरोबरच केलं, तर त्यावर तुमचं मत काय. शेवटी लिहितात, "बॅरेक काय असते मला माहिती आहे. तिथं असलं चालत नाही."

नमस्कार सुभेदार साहेब,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं असेल तर ते दुसऱ्या दिवशीचं स्टॉपवॉच. तुम्ही बोलला नाहीत, पण उभे राहिलात. मला येणाऱ्या पत्रांमधे असे बाप फार कमी असतात, बहुतेक ठिकाणी पहिल्या आठवड्यातच मोबाईल काढून घेतलेला असतो, मारलेलं असतं, नाहीतर मामाकडे पाठवून दिलेलं असतं. तुमच्या घरात यातलं काही झालेलं नाही, म्हणून मी तुमच्याशी आडपडदा न ठेवता बोलू शकते.

एक आधीच सांगते, मी इथून पुढे तुमच्या लेकराबद्दल 'ती' असं लिहिणार आहे कारण तिनं स्वतः तसं सांगितलंय. वाचताना तुम्हाला ते टोचेल, टोचू दे, तुम्ही घरात लगेच तसं म्हणायला पाहिजे असं माझं म्हणणं नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. फौजेत गेल्यावर हे जाईल का. नाही जाणार साहेब. फौज माणसाला खूप काही देते हे मला मान्य आहे, वेळ पाळणं, अंग मोडून काम करणं, शेजारच्याचा जीव आपल्या जीवाइतका धरणं, हे सगळं तुमच्यात आलंय आणि तुमच्या हाताखाली तिच्यातही आलंच असणार. पण आपण पुरुष की बाई हे आतून जे वाटतं ते शिस्तीनं बदलायची गोष्ट नाही, कारण तो शिस्तीचा अभाव नाहीच मुळात. जी पोर रोज पहाटे उठून पळते तिला शिस्तीची कमी आहे असं तुम्हाला तरी वाटतं का?

आणि हा प्रयोग आधी होऊन गेलाय. अमेरिकन हवाई दलात जॉर्ज ब्राऊन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी 1988 मध्ये लिहून ठेवलंय की त्यांच्याकडे आलेल्या अशा कित्येकजणी सैन्यात आल्याच होत्या मुळी यासाठी की इथं तरी आपण 'पक्के पुरुष' होऊ आणि आतलं सगळं मिटून जाईल. मिटलं काहीच नाही, सगळं तसंच होतं, उलट दडपून ठेवल्यानं त्रास वाढलेला, आणि ते सुद्धा घरापासून लांब असताना. तुमच्या लेकीनं तर तुम्हाला असं कुठं म्हटलेलंच नाही की मला फौजेत जाऊन पुरुष व्हायचंय. तिला वर्दी पाहिजे. 'सुधारेल' हा शब्द तुमचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा म्हणजे निम्मा गुंता सुटेल.

हा आजार आहे का असंही तुम्ही अडून अडून विचारलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या आजारांच्या नव्या यादीत, जी 2022 पासून लागू झाली, हे मानसिक आजारांच्या भागातून काढून टाकलंय. आणि आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्येच स्पष्ट केलंय की औषध देऊन, शॉक देऊन किंवा समुपदेशनाच्या नावाखाली कुणाला 'बदलून देतो' म्हणणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे. म्हणजे उद्या कुणी नातेवाईक म्हणाला की अमुक ठिकाणी एक डॉक्टर आहे तो बरं करतो, एक बाबा आहे तो उतरवतो, तर तिकडे पाय ठेवू नका. हे फक्त तुम्हाला नाही, हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक आईबापाला सांगतेय, कारण या फंदात लोकांनी जमिनी विकल्यात आणि पोरं कायमची तुटलीत.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि इथं मी तुम्हाला जरा कडक बोलणार आहे. गप्प राहून भरती होऊ द्यावं का?

माझं उत्तर नको असं आहे, आणि ते ती लायक नाही म्हणून नाही. ती गप्प राहून आत गेली तर उद्या जे काही होईल त्यात तिच्या बाजूनं एकही कागद नसेल, म्हणून. आजच्या घडीला आपल्या तिन्ही दलांमधे ट्रान्स म्हणून भरती व्हायचा रस्ताच नाहीये. सगळे नियम दोन रकान्यांत लिहिलेत, पुरुष आणि महिला, आणि महिलांसाठी सुद्धा आर्मी ॲक्टच्या कलम 12 मधे असंच आहे की सरकार ज्या विभागांची अधिसूचना काढेल तेवढ्याच ठिकाणी भरती होता येईल. जवान म्हणून मुली यायला लागल्या त्या मिलिटरी पोलिसमधे, त्यांची 83 जणींची पहिली तुकडी 2021 मध्ये बंगळुरूला पास आउट झाली, म्हणजे जवळजवळ कालपरवाची गोष्ट. तिसऱ्या कुणाचा विचार त्या नियमात अजून झालेलाच नाही. 2023 मध्ये तिन्ही दलांनी मिळून यावर अभ्यासगट नेमल्याच्या बातम्या आल्या होत्या, पण अभ्यासगट म्हणजे भरतीची जाहिरात नव्हे.

नियमात जागा नसलेल्या माणसाचं काय होतं याचं आपल्याच देशातलं उदाहरण आहे. साबी गिरी. 2010 मध्ये नौदलात भरती झाली, तेव्हाचं नाव मनीष, मरीन इंजिनिअरिंगच्या कामावर, पोस्टिंग विशाखापट्टणमला. 2016 मध्ये रजेवर असताना शस्त्रक्रिया करून घेतली. परत गेल्यावर आपल्याला काही महिने मनोरुग्णांच्या वॉर्डात ठेवलं असं तिनं पत्रकारांना सांगितलंय. आणि ऑक्टोबर 2017 मध्ये नौदलानं तिला काढून टाकलं, कारण काय दिलं तर 'सेवेची आता गरज नाही'. एसएनएलआर. या चार अक्षरांचा अर्थ तुमच्याइतका माझ्या वाचकांत कुणाला कळणार नाही. काम येत नव्हतं असं नौदल म्हणालं नाही, म्हणणं एवढंच होतं की लिंग बदललेल्या माणसाला ठेवून घेण्याची सोय नियमांत नाही आणि हे तिनं परवानगी न घेता केलं. ती दिल्ली हायकोर्टात गेली. सात वर्षांची नोकरी आणि मग कोर्टाच्या तारखा.

दक्षिण कोरियात ब्योन ही-सू नावाची रणगाडा चालवणारी सार्जंट होती. थायलंडला जाऊन शस्त्रक्रिया केली, मला महिला सैनिक म्हणून राहू द्या अशी वर्दीत उभं राहून मागणी केली, जानेवारी 2020 मध्ये काढून टाकलं. काढणं बेकायदेशीर होतं असा निकाल ऑक्टोबर 2021 मध्ये लागला, पण त्याआधीच, त्या वर्षीच्या मार्चमध्ये, ती घरात मृत सापडली होती. हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये. लढा बरोबर असतो आणि तरीही एका माणसाला तो एकट्यानं पेलत नाही, आणि वीस वर्षांच्या पोरीला आपण तो लपूनछपून लढायला पाठवणं म्हणजे तिला कव्हर फायर न देता पुढे ढकलणं आहे.

अग्निवीरमध्ये अजून एक अडचण आहे, मधेच सोडून येता येत नाही. अगदी अपवादात्मक कारण असेल तरच सोडतात. म्हणजे सहा महिन्यांत तिला ट्रेनिंग सेंटरमधे असह्य झालं, तिथे एकांत नाही, आंघोळ सगळ्यांसमोर, रात्री बारा जणांत झोपायचं, कुणाला तरी संशय आला आणि चिडवाचिडवी सुरू झाली, तर ती घरी निघून येऊ शकणार नाही, आणि तक्रार करायची तर आधी स्वतःबद्दल सांगावं लागणार. फॉर्मवर पुरुष लिहिणं खोटं ठरेल की नाही हा वकिलांचा प्रश्न आहे, पण फॉर्मवर जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं तर आर्मी ॲक्टच्या कलम 44 खाली काय होतं ते तुम्ही पोरांना स्वतः वाचून दाखवलं असेल. चार वर्षांनी शंभरातल्या पंचवीसच जणांना कायम करतात, म्हणजे एवढं सोसून पुढे राहता येईलच असंही नाही.

असं असूनही फॉर्म तुम्ही परस्पर रद्द करू नका. ती 20 वर्षांची आहे. हे सगळं तिच्यासमोर ठेवा, मी लिहिलंय ते वाचून दाखवा हवं तर, आणि ठरवू दे तिला. कदाचित तिनं याचा विचार तुमच्याआधी केलेला असेल. माझा अंदाज असा आहे की तिनं तुम्हाला मेडिकलच्या आधी सांगितलं यातच तिला लपून जायचं नाहीये हे आलं, नाहीतर गप्प बसून निघून गेली असती.

आता तुमच्या भाच्याचे व्हिडिओ.

तो म्हणतो ते अर्धं खरं आहे. अमेरिकेत 2016 पर्यंत ट्रान्स सैनिकांना उघडपणे राहायची परवानगी नव्हती, त्या वर्षी ओबामांच्या काळात ती मिळाली, 2017 मध्ये ट्रम्प यांनी ट्विट करून नको म्हटलं, 2019 मध्ये बंदी लागू झाली, 2021 मध्ये बायडन यांनी उठवली आणि जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी परत आदेश काढला. मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या न्यायाधीश ॲना रेयेस यांनी तो अडवला, आणि 6 मे 2025 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं दुसऱ्या एका खटल्यात खटला चालू असतानाच बंदी अमलात आणायला परवानगी दिली. म्हणजे दहा वर्षांत नियम चार वेळा उलटासुलटा झालाय. फौज तीच, माणसं तीच. बदलले फक्त राष्ट्राध्यक्ष. ट्रान्स सैनिक नालायक आहेत असा कुणाला नव्यानं शोध लागला म्हणून हे झालेलं नाही, हे त्या व्हिडिओत सांगत नसणार.

ज्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली त्यातली मुख्य फिर्यादी एमिली शिलिंग, अमेरिकन नौदलातली कमांडर, लढाऊ विमानाची पायलट, इराक आणि अफगाणिस्तानवर साठ लढाऊ उड्डाणं केलेली. तिला बाहेर काढून त्या फौजेची ताकद वाढली असं तुम्ही, 28 वर्षं नोकरी केलेला माणूस, छातीवर हात ठेवून म्हणाल?

खर्चाचा मुद्दा तिकडे फार उगाळतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचेच आकडे आहेत, 2015 ते 2024 या काळात ट्रान्स सैनिकांच्या उपचारांवर साधारण 5 कोटी 20 लाख डॉलर गेले, आणि 2024 च्या शेवटी राखीव दलं धरून वीस लाखांच्या वर असलेल्या फौजेत अशी वैद्यकीय नोंद असलेले होते 4,240. दहा वर्षांचा तो खर्च त्या फौजेच्या बजेटमधे कुठे सापडणारसुद्धा नाही. आणि नेदरलँड्सनं 1974 पासून, कॅनडानं 1992 पासून असे सैनिक ठेवलेत, त्यांच्या फौजा काही मोडून पडलेल्या नाहीत.

पण तुमचं खरं दुखणं अमेरिका नाहीच, तुमचं दुखणं आहे बॅरेक. "तिथं असलं चालत नाही." साहेब, हे वाक्य मी आधी कुठे वाचलंय सांगू का? 2020 मध्ये महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा खटला सुप्रीम कोर्टात चालू होता तेव्हा सरकारनं लेखी म्हणणं दिलं होतं की आपले जवान बहुतेक ग्रामीण भागातले असतात, तिकडच्या समाजाची रीत लक्षात घेता बाईच्या हुकुमाखाली काम करायला त्यांची मनं अजून तयार नाहीत. नीट बघा, हे कुणाच्या नावावर खपवलं जात होतं. तुमच्या. साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या, रेवाडीच्या, गढवालच्या जवानाच्या नावावर. जणू गावाकडचा माणूस एवढा आडमुठा की त्याला नवीन काही झेपतच नाही. कोर्टानं ते फेटाळलं, फेब्रुवारी 2020 मध्ये निकाल दिला. पुढच्या वर्षी एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, दारं मुलींना उघडली आणि 30 मे 2025 ला खडकवासल्याला 17 मुली मुलांच्या बरोबरीनं पास आउट झाल्या. गावाकडच्या जवानांनी त्या परेडला आडकाठी केली नाही. हुकूम आला की तो पाळतो, आणि माणूस कामाचा निघाला की त्याला आपला म्हणतो, हे त्याच्याबद्दलचं खरं आहे आणि तुम्ही त्याच्यातलेच आहात.

याहून जवळचं उदाहरण आपल्या शेजारी आहे. छत्तीसगड पोलिसांनी 2021 मध्ये 13 ट्रान्स उमेदवारांना शिपाई म्हणून घेतलं, आणि पुढच्या वर्षी नक्षली भागासाठी 'बस्तर फायटर्स' म्हणून जे दल उभं केलं त्यात 9 जणांची निवड झाली. बस्तरचं जंगल आहे ते, सोबत चालणाऱ्यावर जीव टाकावा लागतो. बॅरेक तिथेही असते.

तुमच्या बाजूनं जे खरं आहे तेही लिहिते, नाहीतर मी एकतर्फी बोलतेय असं वाटेल. फौजेला मेडिकल फिटनेस बघायचा पूर्ण हक्क आहे. कुणी हार्मोनची औषधं घेत असेल, शस्त्रक्रियेतून नुकतं उठलं असेल, तर त्याला त्या काळात सियाचीनला पाठवता येणार नाही, बरोबर आहे. पण हे तर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, साखर वाढलेल्या, पाठीचा मणका सरकलेल्या जवानाचंही असतं की, त्याला काही दिवस लो मेडिकल कॅटेगरी देतात, बरा झाला की परत शेप वन, म्हणजे पूर्ण फिट. त्याच्या सगळ्या जातकुळीला कायमचं बाहेर ठेवत नाहीत. तसंच ग्राउंडच्या टायमिंगचं, मुलींचा निकष लावायचा की मुलांचा, हा प्रश्न खरा आहे आणि तो बसून, डॉक्टरांना विचारून, लिहून काढावा लागेल. राहायच्या जागेचंही तसंच. माझं म्हणणं इतकंच की प्रश्न अवघड आहे म्हणून माणूसच नको, हे उत्तर होत नाही, आणि फौजेला तर अजिबात शोभत नाही, अवघड प्रश्न सोडवणं हे तर तिचं कामच आहे.

ग्राउंडचे निकष लिहून काढता येतात हे आपल्याच राज्यात झालंय. 2022 च्या पोलीस भरतीत अर्जावर तृतीयपंथी उमेदवारांसाठी पर्यायच नव्हता, तेव्हा काहीजणी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, गेल्या, त्यात एक तुमच्याच जिल्ह्यातल्या कराडची होती. मॅटनं नोव्हेंबरमध्ये सांगितलं पर्याय द्या. सरकार हायकोर्टात गेलं, नियमच नाहीत, वेळ लागेल, अवघड आहे वगैरे. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई हायकोर्टानं खडसावलं की नियम करत नसाल तर सगळी भरतीच थांबवू, आणि मग सरकारनं 28 फेब्रुवारी 2023 पर्यंत नियम करायचं कबूल केलं. जे वर्षानुवर्षं होत नव्हतं ते अडीच महिन्यांत होणारं निघालं. कोर्टात जाणाऱ्या त्या पोरींमुळे आज तुमच्या लेकीसाठी एक दार उघडं आहे.

म्हणून माझा सल्ला पोलीस भरतीकडे बघा असा आहे. फौज मिळत नाही तर निदान हे, अशा पडेल सुरात तिला सांगू नका, ती पण वर्दीच आहे. घाई अशासाठी वाटतेय की अग्निवीरची वयोमर्यादा लवकर संपते, पण शिपाई भरतीला खुल्या वर्गात 28 पर्यंत वय चालतं, मागासवर्गीयांना आणखी पाच वर्षं. पळणं, शंभर मीटर, गोळाफेक, तुमची केलेली मेहनत वाया जात नाही, फक्त गोळ्याची तयारी वेगळी करावी लागेल. ट्रान्स उमेदवारांना कोणतं अंतर आणि कोणतं टायमिंग ते त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा, अकॅडमीतल्या मास्तरांच्या सांगण्यावर जाऊ नका, त्यांनाही माहिती नसतं बऱ्याचदा. केंद्रीय दलांचं, म्हणजे सीआरपीएफ, बीएसएफ वगैरेंचं, गृह मंत्रालयानं 2020 मध्येच असिस्टंट कमांडंटच्या परीक्षेत ट्रान्स उमेदवार घ्यायचे का म्हणून मत मागवलं होतं, तेव्हा ती पदवी पूर्ण करणार असेल तर तिकडेही लक्ष असू दे, दार कधी उघडेल सांगता येत नाही. कॉलेज मात्र सोडू देऊ नका. भरतीच्या नादात बीए अर्धवट टाकलेली पोरं तुमच्या गावात किती आहेत ते तुम्हीच मोजा.

कागदपत्रांचं सांगते, कारण इथे बहुतेकजण चुकतात. 2019 च्या ट्रान्सजेंडर हक्क कायद्याप्रमाणे ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं, अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा. या कायद्याचे नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवर काय लिहिलंय तेच खरं धरा, कुणाच्या जुन्या व्हिडिओवर नको. आधी प्रमाणपत्र, मग आधार, मग पॅन, मग दहावी-बारावीची मार्कशीट, असं एकामागून एक करा, कारण अर्धे कागद जुन्या नावाचे आणि अर्धे नव्या नावाचे असले की भरतीच्या पडताळणीत उमेदवार अडकतो. आणि हे तिला करायचं असेल तेव्हाच. काहीजणी दोन-तीन वर्षं थांबतात, काहीजणी लगेच करतात, यात बरोबर-चूक काही नाही.

तुमच्याकडे ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, आहे, त्याचा उपयोग करा. पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल घ्या, तिला तपासायला नाही, तिला आधार म्हणून, आणि खरं सांगू, एकदा तुम्ही आणि वहिनी दोघं पण जाऊन बसा. तुमच्या पत्रात वहिनींबद्दल एकच ओळ आहे, 'तिला आधी माहीत होतं'. त्या माऊलीनं हे किती दिवस एकटीनं पोटात ठेवलंय कुणास ठाऊक, तिच्यावर चिडू नका की मला का नाही सांगितलं. थोरल्याला फोनवर सांगू नका, पोस्टिंगवर एकट्यानं बसून तो काय काय विचार करेल, रजेवर आला की समोर बसून सांगा, आणि सांगायच्या आधी धाकटीला विचारा की सांगू का. हे फार महत्त्वाचं आहे. कुणाला कधी सांगायचं हे तिच्या हातात राहू द्या, भाच्याला तर आत्ता अजिबात नको. त्याला एवढंच म्हणा की मला असले व्हिडिओ पाठवू नकोस. कारण सांगायची गरज नाही, तुम्ही मामा आहात.

गावाचा प्रश्न येणारच. फौजी गावात मान मोठा असतो तशी चर्चाही मोठी असते, पारावर बसलेले सगळे निवृत्तच, वेळच वेळ. काहीजण टिंगल करतील. पण तुम्हाला एक फायदा आहे जो बाकीच्या बापांना नसतो, तुमच्या शब्दाला तिथं वजन आहे, आणि सुभेदार आपल्या पोरीच्या बाजूनं उभा आहे हे एकदा दिसलं की निम्मी तोंडं आपोआप बंद होतात. कुणी घराबाहेर काढा म्हणालं तर सांगा, अशा मुलांना आपल्या आईबापाच्या घरात राहायचा हक्क त्या 2019 च्या कायद्यानंच दिलाय. तुम्ही काढणार नाही हे मला माहिती आहे, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुठल्यातरी घरात आज तेच चालू असेल, त्यांनी हे वाचावं.

तिच्याशी बोलायला सुरुवात कशी करायची असं वाटत असेल तर मोठं भाषण तयार करू नका. टायमिंग सांगून झालं की गाडी तिथेच बंद करून विचारा, "तुला पोलीस भरतीचं काही माहिती आहे का?" तिला कळेल तुम्ही काय विचारताय. तिचं उत्तर पूर्ण ऐका, मधे बोलू नका, आणि पटलं नाही तरी त्या दिवशी वाद घालू नका. मग ग्राउंड आणि मेडिकलच्या तारखेआधी आरामात एक संध्याकाळ काढून तिघं बसा आणि अग्निवीरचं काय करायचं ते ठरवा. ती तरीही जायचंच म्हणाली तर आधी एका वकिलाला भेटा, जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत सल्ला मिळतो, तिथे लाजू नका.

आणि या सगळ्या दिवसांत ती अचानक गप्प झाली, पळायला येईना, जेवेना, आपल्या वस्तू दुसऱ्यांना देऊन टाकायला लागली, तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानस ही मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाइन, 14416, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नंबर तिच्या फोनमधे टाका आणि तुमच्याही.

पोलीस भरतीची जाहिरात आली आणि अर्जात काही अडलं तर मला परत लिहा.